फोटोत मुलगी गोरी होती

क्रांती चौकात रिक्षा सिग्नलला थांबली, की नजर आपोआप वर जाते. समोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा. २०२२ साली तो नव्याने, पूर्वीपेक्षा कितीतरी उंच चौथऱ्यावर उभा राहिला. आजूबाजूला मात्र कुठल्याही शहरात असतात तसे फलक. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुठल्या क्लासचा निकाल, कुठल्या सराफाकडचा मंगळसूत्र महोत्सव. सिग्नल लांबला की मी हे फलक वाचत बसते. वाचता वाचता एक गोष्ट बरेच दिवस खटकत होती, पण नेमकी काय ते उमगत नव्हते. एके दिवशी उमगले, आणि मग दुसरे काही दिसेनासेच झाले. या फलकांवर काळे माणूस एकही नाही!

आमचा मराठवाडा उन्हाचा. इथली माणसे सावळी, काळीसावळी, उन्हाने रापलेली. फलकावरचे भाऊ, दादा, अण्णा यांतल्या काहींना मी लग्नाकार्यात अगदी जवळून पाहिले आहे. चांगले तुमच्याआमच्यासारखे गव्हाळ-सावळे गृहस्थ. फलकावर मात्र सगळे दुधात न्हाऊन निघाल्यासारखे गुलाबी. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फलक करायला एकदा फ्लेक्सवाल्याकडे गेले होते. त्या मुलाने न विचारताच संगणकावर विद्यार्थ्यांचे चेहरे उजळायला सुरुवात केली. मी म्हटले, "अहो, राहू द्या ना आहेत तसे." तो मान वर न करता म्हणाला, "मॅडम, तसंच छापलं तर लोक परत घेऊन येतात. म्हणतात, आमचा माणूस काळा केला."

त्याचे काय चुकले? गिऱ्हाईक जे मागते ते तो देतो. तेव्हा मी हसले आणि पैसे देऊन बाहेर पडले. आज तो प्रसंग आठवला की हसू येत नाही. कारण मधल्या काळात आमच्याच घरात असा एक फोटो उजळून घेतला गेला, आणि तो उजळून घेणारी मीच होते.

माझी भाची कन्नड तालुक्यातली. एम.एस्सी. झाली आणि वाळूजच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागली. हुशार, कष्टाळू, पगारातून धाकट्या भावाची फी भरणारी मुलगी. रंगाने सावळी, म्हणजे आमच्या सगळ्या घराण्यासारखीच. तिच्या लग्नाचे पाहायला लागलो तेव्हा 'बायोडाटा'साठी फोटो काढायला मीच तिला घेऊन गेले. फोटो छान आला होता. तरी मी हलक्या आवाजात म्हटले, "जरा उजळ करून द्या." भाचीने माझ्याकडे पाहिले. बोलली काहीच नाही.

पुढे एक स्थळ आले. कांदेपोहे झाले, प्रश्नोत्तरे झाली, मंडळी हसतमुखाने निघून गेली. दुसऱ्या दिवशी मध्यस्थांचा फोन आला. "मुलगी चांगली आहे हो. घरही चांगलं आहे. पण काय झालं, फोटोत मुलगी गोरी होती."

काय उत्तर देणार? खोटे तर आम्हीच बोललो होतो. नकार मिळाला त्यापेक्षा, खोटे पकडले गेल्याची शरम अधिक वाटली. आणि त्या शरमेचे ओझे जिच्या डोक्यावर पडले, तिने तर काहीच केले नव्हते.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिलाच नसता. काही महिन्यांनी भाचीचा चेहरा लाल दिसू लागला. गालांची कातडी पातळ झाल्यासारखी, उन्हात गेली की आग. त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी एक नजर टाकली आणि विचारले, "कुठलं क्रीम लावतेस? आणि हे दिलं कुणी?" स्टिरॉइड असलेले मलम होते ते. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो, लावणे थांबवले की दुप्पट त्रास होतो, म्हणून माणूस ते सोडू शकत नाही, असे त्यांनी समजावून सांगितले. अशा १४ स्टिरॉइडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्येच केला आहे. तरी ती मिळतात, मागितल्यावर लगेच मिळतात. डॉक्टरांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्या घशात अडकले. पहिली ट्यूब मीच आणून दिली होती. शिक्षकखोलीत कुणीतरी सांगितले होते, "माझ्या मुलीला फार फरक पडला."

भाचीचा चेहरा सावरायला जवळजवळ वर्ष लागले. आम्ही थोडक्यात सुटलो म्हणायचे. अकोल्यातल्या एका कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना गोरेपणाच्या क्रीममुळे इजा झाल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. त्या क्रीममध्ये पारा सापडला. कायद्याने सौंदर्यप्रसाधनात दहा लाख भागांत एक भागाहून अधिक पारा चालत नाही. इथे तो हजारो पटींनी होता. विचार करा, गोरे दिसण्यासाठी लावलेले क्रीम रक्तात जाते आणि मूत्रपिंडावर घाव घालते. याला आपण हौस म्हणायचे की आणखी काही?

तेव्हापासून मी स्वतःला एकच प्रश्न विचारते आहे. मी शिकलेली बाई. शाळेत मुलींना सावित्रीबाईंचा धडा शिकवणारी. "जरा उजळ करून द्या" हे वाक्य माझ्या तोंडात घातले कुणी?

प्रसारमाध्यमांच्या माथी सगळे खापर फोडणे सोपे आहे, पण ते खरे नाही. गोरेपणाचा सोस दूरचित्रवाणीने जन्माला घातलेला नाही. उन्हात राबणारा काळा आणि सावलीत बसणारा गोरा, हा हिशेब फार जुना. आपल्याकडे तर त्या हिशेबात जातही मिसळलेली. 'गोरी, उंच, सडपातळ, घरकामात दक्ष' अशी वधू मागणाऱ्या छोट्या जाहिराती वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे छापल्या, पण मजकूर लिहून दिला तो तुम्ही-आम्हीच.

तरीही जुने सगळे असेच होते, असेही नाही. आमच्या शहरापासून शंभर किलोमीटरवर अजिंठा आहे. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात 'काळी राजकन्या' म्हणून ओळखले जाणारे चित्र आहे. दागिन्यांनी मढलेली, ठसठशीत, सावळी स्त्री. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराला तिला गोरी करावेसे वाटले नाही. त्याच लेण्यातला पद्मपाणी पाहा. हातात कमळ, अंगावर अलंकार, पापण्या झुकलेल्या, चेहऱ्यावर अपार करुणा. पुरुषाचे सर्वोच्च रूप रंगवताना त्या काळच्या कलावंताने दंडाच्या बेटकुळ्या दाखवल्या नाहीत. आजच्या जाहिरातीतला एकही 'मर्द' असा उभा राहायला धजणार नाही! आणि अजिंठ्यापर्यंत तरी कशाला जायचे? वारकऱ्यांचा विठोबा सावळा आहे आणि महाराष्ट्राने त्याच्यावर जीव ओवाळून टाकला आहे. देव सावळा चालतो, सून चालत नाही, एवढाच फरक!

चित्र बदलले की मापही बदलते. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या. तोवर प्रत्येक गावची देवी त्या गावच्या शेंदराची, दगडाची, मुखवट्याची होती. आता सगळ्यांच्या देवघरात एकच चेहरा आला, गोरा आणि भरदार. त्या चित्रांचे सौंदर्य मी नाकारत नाही. पण हजारो घरांत एकच चेहरा टांगला जाणे, ही गोष्ट त्यापूर्वी घडलेली नव्हती.

त्याहून गमतीची गोष्ट रंगभूमीची. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली आणि बालगंधर्वांनी महाराष्ट्राला वेड लावले. शालू कसा नेसायचा, गजरा कसा माळायचा, लाजायचे कसे, रुसायचे कसे, हे घरंदाज स्त्रिया त्यांच्याकडे पाहून शिकल्या, असे जुनी माणसे कौतुकाने सांगतात. त्याच वर्षी फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. त्यातली तारामतीही अण्णा साळुंके या पुरुषानेच केली, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. पुढे 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच झाले. बालगंधर्वांच्या कलेपुढे मी हात जोडते. पण विचार करण्याजोगे आहे खरे. 'बाईने बाईसारखे दिसावे' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातली 'बाई' एका पुरुषाने घडवलेली होती. बायका तिची नक्कल करत होत्या.

त्या काळी निदान माध्यमाला विकायचे होते ते तिकीट. पुढे ते प्रत्यक्ष चेहराच विकू लागले. हिंदुस्थान लिव्हरने १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणले. १९९१ नंतर बाजार खुला झाला, केबलच्या तारा गल्लीबोळांतून आल्या. १९९४ मध्ये सुश्मिता सेन विश्वसुंदरी आणि ऐश्वर्या राय जगत्सुंदरी झाली. तालुक्याच्या गावीही 'ब्युटी पार्लर'च्या पाट्या दिसू लागल्या. एक जाहिरात अनेकांना आठवत असेल. घरात पैशांची ओढाताण, बापाला मुलगा नसल्याची खंत, सावळी मुलगी ते ऐकते, क्रीम लावते, उजळते आणि हवाईसुंदरी होऊन घर सावरते. मुलगा नसणे हे पहिले दुःख आणि मुलगी काळी असणे हे दुसरे. दोन्हींवर औषध एकच, ट्यूब! अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या, पाठपुरावा केला, आणि २००३ मध्ये ती जाहिरात बंद झाली.

पण बाजार हुशार असतो. बायकांचे गिऱ्हाईक झाल्यावर त्याने पुरुषांकडे मोर्चा वळवला. २००५ मध्ये पुरुषांसाठी 'फेअर अँड हँडसम' आले आणि पुढे शाहरुख खान त्याची जाहिरात करू लागला. सावळ्या माणसाला दुःखी, अपयशी, लग्नाच्या वा नोकरीच्या बाजारात मागे पडलेला असे जाहिरातीत दाखवू नये, असा नियम जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेने २०१४ मध्ये केला. २०२० मध्ये 'फेअर'चे 'ग्लो' झाले. नाव बदलले, हे चांगलेच झाले. तरी शब्द गेला म्हणून अर्थ जातोच असे नाही. 'तेज', 'उजाळा', 'चमक' या शब्दांचा अर्थ काय घ्यायचा, हे पंचेचाळीस वर्षांनी गिऱ्हाइकाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता आपल्या मराठी मालिकांकडे येते, कारण संध्याकाळी साडेसातनंतर घराघरात राज्य त्यांचे असते. २०१९ मध्ये 'रंग माझा वेगळा' सुरू झाली. सावळ्या दीपाची गोष्ट, काळ्या रंगावरून होणाऱ्या छळाची गोष्ट. विषय किती महत्त्वाचा! आमच्या घरात भाचीसकट सगळ्यांनी ती पाहिली. चार वर्षे ती चालली आणि लोकांनी डोक्यावर घेतली. पण दीपाची भूमिका करणाऱ्या रेश्मा शिंदे या मुळात उजळ वर्णाच्या. रंगभूषा करून त्यांना सावळे केले होते. त्यांच्या अभिनयाबद्दल मला काही म्हणायचे नाही. प्रश्न एवढाच, की सावळ्या मुलीची गोष्ट सांगायला सबंध महाराष्ट्रात एक सावळी अभिनेत्री मिळू नये? जिथे माणूस मुळात सावळा आहे तिथे फ्लेक्सवाला गोरा रंग चढवतो, आणि जिथे सावळे माणूस हवे तिथे गोऱ्या माणसाला काळा रंग लावला जातो. दोन्हीकडे खरी सावळी मुलगी बाहेरच!

याउलट २०२० मध्ये आलेल्या 'सुंदरा मनामध्ये भरली'मध्ये लतिका ही लठ्ठ नायिका होती आणि ती भूमिका अक्षया नाईक या तशाच देहयष्टीच्या अभिनेत्रीने केली. त्या मालिकेतही नेहमीची कारस्थाने, गैरसमज सगळे होतेच. तरी रोज संध्याकाळी एक जाड मुलगी नायिका म्हणून समोर येत होती. शाळेत मागच्या बाकावर बसणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने त्या दिवसांत मला सांगितले, "बाई, आमच्या घरात आता मला जाडी म्हणत नाहीत, लतिका म्हणतात." चिडवणे थांबले नव्हते, पण चिडवण्याचे नाव नायिकेचे झाले होते. एवढ्यानेही त्या मुलीची मान थोडी वर आली होती.

देहाइतकेच भूमिकेचे. 'होम मिनिस्टर' हा कार्यक्रम २००४ ते २०२२ एवढी वर्षे चालला. आदेश बांदेकर 'भावोजी' होऊन घरोघर गेले, प्रत्येक 'वहिनीं'ना बोलते केले, आणि जिंकणारीला पैठणी मिळाली. पैठण आमच्याच जिल्ह्यातले, म्हणून त्या पैठणीचा मला अभिमान वाटायचा. ज्या बाईला घरात कुणी 'तुला काय वाटतं' असे विचारले नाही, तिला त्या कार्यक्रमाने विचारले, हे त्याचे मोठे ऋण. पण त्या बाईची ओळख वहिनी हीच राहिली. ती शिवणकाम करून घर चालवत असो की तहसील कचेरीत नोकरीला असो, कॅमेरा आला की ती कुणाची तरी सून. याचाच दुसरा नमुना क्रांती चौकातल्या फलकांवर पाहायला मिळतो. स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. त्यांच्या फलकावर कित्येकदा बाईंच्या फोटोइतकाच, कधी त्याहून मोठा, पतिराजांचा फोटो असतो. त्या डोक्यावर पदर घेऊन हात जोडलेल्या, आणि ते मात्र मोबाइल कानाला लावून कामात गर्क!

जाहिरातींचेही तेच. युनिसेफ आणि गीना डेव्हिस संस्थेने भारतातल्या हजाराहून अधिक जाहिराती तपासल्या. २०२१ च्या त्या अहवालात दिसले, की पडद्यावर स्त्रिया कमी नाहीत, उलट जास्तच आहेत. पण जाहिरातीतल्या स्त्रियांपैकी ६६.९ टक्के उजळ किंवा मध्यम उजळ वर्णाच्या, तर पुरुषांत हेच प्रमाण ५२.१ टक्के. म्हणजे सावळ्या पुरुषाला पडद्यावर निदान थोडी जागा आहे. सावळ्या स्त्रीला ती त्याहून कमी.

वाहिन्यांतली मंडळी म्हणतात, "प्रेक्षकांना हेच हवं असतं, आम्ही काय करणार?" हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण पूर्णही नाही, हे सांगणारी एक हकिकत दूरच्या फिजी बेटांवरची आहे. तिथे भरल्या अंगाला मान होता. 'सुकलीस' ही काळजीची गोष्ट, आपल्याकडे आजी म्हणायची तशी. १९९५ मध्ये तिथल्या नाद्रोगा भागात दूरचित्रवाणी आली. अॅन बेकर या अमेरिकी संशोधिकेने त्या सुमारास आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्यापिण्याबाबत धोक्याची पातळी ओलांडलेल्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले होते. वजन कमी व्हावे म्हणून मुद्दाम उलटी करणारी मुलगी आधी एकही नव्हती. तीन वर्षांनी शंभरात अकरा होत्या. पिढ्यान्‌पिढ्यांची आवड जर तीन वर्षांत बदलता येते, तर 'प्रेक्षकांची आवड' हा काही विधिलिखित प्रकार नव्हे.

आणि आता तर मालिका संपण्याची वाट पाहावी लागत नाही. हातातला मोबाइल दर मिनिटाला नवा चेहरा दाखवतो, आणि आपला चेहराही आपल्याला न विचारता गुळगुळीत करून देतो. जे फ्लेक्सवाला करत होता ते आता चौदा वर्षांची मुलगी स्वतःच्या बोटाने स्वतःला करते. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे २०२१ मध्ये फुटली. त्यांत नमूद होते, की आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटले, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितले होते.

आमच्या शाळेत मधल्या सुटीत डबे न उघडणाऱ्या मुली वाढल्या आहेत. "बाई, डाएट." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते. ज्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांना पुरेसे रक्त नाही, तिथल्या मुलींनी भाकरी टाळावी? पूर्वी मुलीच्या ताटात कमी पडायचे, कारण आधी पुरुषांची पंगत उठायची. आता पंगत एकत्र बसते, तर मुलगी स्वतःच ताट सरकवते. ताटात कमीच पडते आहे, कारण तेवढे बदलले.

मुलगे सुटले असे कुणी समजू नये. आमच्या शेजारचा मुलगा पोलिस भरतीची तयारी करत होता. धावणे, गोळाफेक, अभ्यास सगळे नीट चालले होते. मग मोबाइलमधले दंड-छाती पाहून त्याने आईच्या भिशीच्या पैशांतून कसल्याशा पावडरचे डबे आणले. एका संध्याकाळी जिन्यात बसून रडत होता. वडील वरून ओरडले, "बाईसारखा रडतोस काय?" मला त्या एका वाक्यात दोन्ही अपमान ऐकू आले, त्याचा आणि माझाही.

यावर उपाय काय? नॉर्वेने २०२१ मध्ये कायदा केला, की जाहिरातीतले शरीर तंत्राने बदलले असेल तर तसे छापलेच पाहिजे. फ्रान्सने २०१७ मध्येच तशी सक्ती केली. आपल्याकडे जाहिरात परिषदेने २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या साचेबंद चित्रणाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. पण ती स्वनियमनाची. तक्रार केल्याशिवाय त्यांना धार येत नाही, आणि आपण तक्रार करत नाही. स्टिरॉइडच्या मलमांचा नियम तर आहेच, तो पाळला जातो का हे पाहणारे कुणी हवे. सरकारने आणि कंपन्यांनी करायचे ते त्यांनी करावे, त्यासाठी आपण ओरडावेही.

पण त्याआधी मी माझ्यापुरता हिशेब मांडला. स्नेहसंमेलनात भारतमाता कोण होते? गेली पंचवीस वर्षे ती निवड मी करत आले आहे, आणि पंचवीस वर्षांत माझी एकही भारतमाता सावळी नव्हती. राक्षसिणी मात्र होत्या. मी कुठे वाहिनी चालवत होते? तरी तीनशे पालकांसमोर पडदा उघडणारी मीही एक माध्यमच होते. प्रत्येक घरात असे एक माध्यम असते. बाळ जन्मल्यावर "कुणाच्या रंगावर गेलंय?" विचारणारी आजी, "जाड झालीस गं" हा नमस्कारासारखा शब्द वापरणारी मावशी, "उन्हात जाऊ नकोस, काळी होशील" म्हणणारी आई. उन्हात जाऊ नकोस, चक्कर येईल, असे म्हटले तर चालत नाही का?

चांगले चित्र दाखवले तर लोक पाहतात, याचाही अनुभव आपल्याला आहे. मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात सावळी स्मिता पाटील बातम्या वाचत होती, आणि त्या डोळ्यांवरून महाराष्ट्राची नजर हलत नव्हती. २०१६ मध्ये 'सैराट'मधली आर्ची बुलेटवरून आली, तेव्हा अकलूजच्या त्या शाळकरी मुलीचा रंग कुणी मोजला? त्याच वर्षी, ९ ऑगस्टला, याच क्रांती चौकातून कोपर्डीच्या अत्याचारानंतरचा पहिला मूक मोर्चा निघाला. मोर्च्याच्या मागण्यांवर मतमतांतरे असतील, आहेतही. मला आठवतात त्या पुढे चालणाऱ्या, बोलणाऱ्या, निवेदन देणाऱ्या मुली. त्या दिवशी त्यांच्याकडे पाहताना, कोण गोरी आणि कोण सडपातळ, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. त्या काय म्हणताहेत याकडेच कान होते. १८५७ च्या बंडातल्या शिपायांच्या स्मृतीने ज्या चौकाचे नाव क्रांती पडले, तिथे त्या दिवशी मुलींना बोलताना लोकांनी ऐकले. पाहणे असेही असू शकते.

भाचीचा 'बायोडाटा' आम्ही पुन्हा तयार केला. 'वर्ण' हा रकानाच तिने काढून टाकला. मी म्हटले, "अगं, लोक विचारतील." ती म्हणाली, "आत्या, विचारू दे की. फोटो आहे ना." नवा फोटो मीच काढला, मोबाइलवर, क्रांती चौकात, दुपारच्या उन्हात. ती कारखान्याच्या बसमधून उतरून आली होती. खांद्याला पिशवी, कपाळावर घाम, डोळे उन्हाने किंचित बारीक. मोबाइलने चेहरा गुळगुळीत करू का, असे विचारले. मी 'नको'वर बोट ठेवले.

गेल्या आठवड्यात एका घरून फोन आला. मुलाची आई होती. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी जरा चाचरत विचारले, "मुलगी फोटोतल्यासारखीच आहे ना हो?"

"हो," मी म्हटले, "अगदी फोटोतल्यासारखीच आहे."